सरोजबाईंचा पाय

उसण भरली की आमच्या भागातला माणूस आधी पायाळू शोधतो. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेलं माणूस. अशा माणसानं सकाळी, काही खाण्याआधी, दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण जाते असं इथं सगळे मानतात. न मानणारेही कंबर धरली की मानतात. सरोजबाई पायाळू होत्या, आणि त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवत.

राजुरीच्या त्या शाळेत स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या बरीच वर्षं शेजारी होत्या. शेजारच्या खुर्चीवरून माणसाचं जेवढं दिसतं तेवढंच मी इथं लिहू शकतो. त्यांचं बालपण, त्यांनी लग्न का केलं नाही, त्यांना काय वाचायला आवडलं असतं, यातलं मला फारसं माहीत नाही. एवढं मात्र माहीत आहे, की गावभरच्या कमरा सावरणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या घरात एक कंबर रोज थोडी थोडी मोडत होती. ती त्यांच्या थोरल्या भावाची होती, आणि तिला पाय लावायची त्यांना मुभा नव्हती.

मी अवसरी बुद्रुकचा. मराठीचा शिक्षक आणि ग्रंथालय सांभाळणारा म्हणून या शाळेत आलो तेव्हा नारायणगावात खोली घेतली होती. एकटाच होतो, अजूनही आहे. पहिल्याच आठवड्यात मी जीपमधून लवकर उतरलो, तर शाळेच्या फाटकाशी एक धिप्पाड गडी भिंतीला हात टेकून पाठमोरा उभा होता. त्याच्यामागे एक बुटक्याशा बाई, साडीखाली कॅनव्हासचे बूट, त्यातला एक काढून हातात घेतलेला. भांडण चाललंय असं वाटून मी थबकलो.

"काय बघताय सर?" बाई म्हणाल्या. "विज्ञान चाललंय."

तो गडी शिवा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गाड्या भरायचा. क्रेट जमिनीवरून उचलायचं, वळायचं, वर गाडीतल्या माणसाच्या हातात द्यायचं, पुन्हा वाकायचं. हंगामात हे दिवस उतरेपर्यंत चाले.

"बाई, लाथ घाला बिगीबिगी. गाडी लागलीय तिकडं."

"आधी उचलून दाखव."

"हितं कुठं क्रेट?"

फाटकाच्या आत आग विझवायची वाळूची बादली टांगलेली असे. बाईंनी ती काढून आणायला लावली. शिवानं पाय ताठ ठेवून, कमरेत वाकून, बादलीला हात घातला.

"थांब. हलू नकोस. आता कुठं दुखतंय?"

"हितंच की वो."

"मग माझी लाथ कशाला पाहिजे? तू दिवसभर स्वतःच मारून घेतोस."

शिवा वाकलेलाच हसला आणि कळ येऊन गप्प झाला. मग बाईंनी त्याला बादलीच्या अगदी जवळ उभं केलं, गुडघे मोडायला लावले, बादली पोटाशी घेऊन उठायला लावलं. "आता गाडीकडं वळ. कंबर नाही, पाय. पाय वळव. कंबर म्हणजे काय बाटलीचं झाकण आहे पिळायला?" हे सगळं त्यानं त्यांच्या मनासारखं केल्यावरच त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि त्याच्या कमरेवर पाय अलगद टेकवला.

"आसली लाथ आमचं बारकं बी मारतंय. जरा जोरात."

"जोर क्रेटसाठी ठेव."

तो गेल्यावर त्यांनी बूट घातला, नाडी बांधली आणि वर्गावर गेल्या. मधल्या सुट्टीत मी धीर करून विचारलं, पायानं खरंच काही होतं का.

"काही होत नाही. उसण चार दिवसांत आपली आपण उतरते," त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या. "पण मी पाय लावणार नाही म्हटलं, तर तो माझ्यासमोर बादली उचलेल का, सांगा."

तेव्हाच्या मुख्याध्यापकांना हा प्रकार आवडत नसे. विज्ञानाची शिक्षिका शाळेच्या दारात अंधश्रद्धा पसरवते, असं त्यांनी एकदा सभेत बोलून दाखवलं. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून बादली उचलायचा कार्यक्रम फाटकाच्या आत आणि पाय लावायचा फाटकाच्या बाहेर, अशी त्यांनी वाटणी करून टाकली. मुख्याध्यापकांची कंबर धरली त्या सकाळी तेही बाहेर जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांनाही आधी बादली उचलायला लावली होती. वर्गांच्या खिडक्या मुलांनी भरल्या होत्या.

माणूस कसं चालतं, कसं बसतं, कुठल्या बाजूला कलतं याकडे त्यांचं सतत लक्ष असे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पायाळूवर वीज पडते अशीही एक समजूत आहे. त्यामुळे आभाळ भरून आलं की लहानपणी त्यांना घरात कोंडत. बाकीची पोरं शेतातून, अंगणातून धावायची, वाळवण गोळा करायची, आणि ही मुलगी खिडकीला नाक लावून बसायची. "कोण कसं पळतंय, कोण काय उचलतंय, एवढंच बघायला असायचं," त्या म्हणाल्या होत्या. "आवाज पत्र्यावरच्या पावसात बुडून जायचे. नुसती अंगं दिसायची. सवय लागली." पुढे त्या पुस्तकं मागवून वाचू लागल्या. मणके, स्नायू, बसायची उंची, उचलायची पद्धत. ग्रंथालयासाठी माझ्याकडे जी यादी यायची त्यात कथा-कादंबऱ्यांच्या मध्येच त्यांचं एखादं असलं पुस्तक असायचं. त्याला त्यांच्याशिवाय वाचक नव्हता.

मी पेपर तपासायला बसलो की माझी मान खाली जायची. एका दुपारी त्या उठल्या, माझ्या कपाटातले दोन जाडजूड शब्दकोश काढले, टेबलावर ठेवले आणि पेपरांचा गठ्ठा त्यांच्यावर चढवला. माझी नजर आपोआप वर आली.

"या शाळेत शब्दकोश पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला," त्या म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मुलांच्या दप्तरांचा एक पट्टा लोंबकळताना दिसला की दुसरा खांद्यावर चढवल्याशिवाय त्या पुढे जात नसत. तासाच्या मध्येच त्या अख्खा वर्ग उभा करत. "दुखायच्या आधी उठायचं," हे त्यांचं वाक्य. "दुखल्यावर तर बैलसुद्धा उठतो."

एकदा त्यांच्याबरोबर मी त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. गावाबाहेर, उसाच्या आणि कांद्याच्या रानात त्यांचं घर. भाऊ बबन, वहिनी, आणि पुण्याकडे नोकरीला असलेला भाचा असं कुटुंब. त्या दिवशी शेजारच्या कांदा साठवायच्या चाळीतून काढलेला कांदा निवडायला सात-आठ बायका बसल्या होत्या. जमिनीवर ढीग, बायका उकिडव्या, माना छातीत. बाईंनी पायरीवर पिशवी ठेवली आणि घरातल्या दोन बाजा बाहेर काढायला लावल्या. बाजांच्या पायांखाली विटा घातल्या. कांदा बाजांवर ओतला आणि बायकांना दोन्ही बाजूंनी उभं केलं. आता हात कोपराच्या उंचीवर चालू लागले. कुणाला बसावंसं वाटलं तर एक पाय विटेवर ठेवा, मग दुसरा, असं सांगितलं.

"घ्या," त्यातली एक म्हणाली, "कांद्याला निजवलं बाजेवर आन् आमाला केलं उभं."

"कांद्याला पाठ न्हाई," बाई म्हणाल्या. घरी आल्या की त्यांची भाषा हळूच बदलायची. "तुला हाये."

"लई दिस नाय ऱ्हायली ती बी."

सगळ्या हसल्या. मग टोपली उचलायची वेळ आली तेव्हा बाईंनी दाखवलं: गुडघ्यात वाका, टोपली अंगालगत घ्या, लेकरासारखी पोटाशी धरा.

गंगूबाई म्हणून एक म्हातारी होती. ती कांदा निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "लेकरू कडंवर घेत्यात, बाई. पोटाशी न्हाई. तुमाला काय ठावं."

कुणीतरी बांगड्या मागे सारल्या. मी उगाचच उसाकडे बघू लागलो.

"खरं हाये मावशे," बाई म्हणाल्या. "कडंवर घेता म्हनूनच तुमच्या समद्यांची येकच बाजू दुखती. मी बघितलंय ते." आणि त्यांनी टोपली उचलून दाखवली, पोटाशी धरून, चाळीपर्यंत नेऊन ठेवली. परत यायला त्यांना जरा वेळ लागला.

त्या दिवशी परतताना जीपची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. त्या मला सोडायला आल्या होत्या. बोलायचं म्हणून मी म्हटलं, तुमच्याकडे किती माणसं येतात. त्या म्हणाल्या, "येतात. येतात आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहतात." हे त्यांनी गमतीनंच म्हटलं होतं. पण मी हसलो नाही आणि त्याही हसल्या नाहीत. मग जीप आली.

बबनची उंची चांगली होती, आवाज मोठा होता, आणि तो उजवीकडे कलून चालायचा. घरी गायी होत्या. दुधाचा चाळीस लिटरचा कॅन तो गोठ्यातून उजव्या हातानं उचलायचा, अंगणातून फाटकापर्यंत न्यायचा आणि एका हिसड्यात मोटरसायकलवर चढवायचा. सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. बाईंच्या खोलीची खिडकी अंगणावर होती. शाळेत निघायच्या आधी त्या वेणी घालत असत आणि तो हिसडा त्यांना रोज दिसत असे. "मी रोज सकाळी एक दादा बघते," त्या एकदा म्हणाल्या, "आणि रोज तो कालच्यापेक्षा थोडा वाकडा असतो."

त्यांनी त्याला काय काय सांगितलं होतं! एका मोठ्या कॅनऐवजी दोन लहान घे, दोन हातांत. फाटकाशी कमरेइतका ओटा बांध, म्हणजे जमिनीवरून उचलावं लागणार नाही. चाकाची गाडी घे. बबनचं उत्तर एकच होतं: "तू शाळंत शिकीव, सरू. गोठ्यात नको."

उसण भरली की तो बहिणीला सोडून बेल्ह्याच्या एका पायाळूकडे जायचा. कळा मारणारी कंबर घेऊन, खड्ड्यांतून मोटरसायकल हाकत. धाकटीनं थोरल्याला पाय लावायचा नाही, हे त्याचं म्हणणं. त्यात राग नव्हता, त्याला ते खरोखरच जमण्यातलं वाटत नव्हतं. वहिनी सांगायच्या, "घरात पायाळू आन् ह्ये चालले बेल्ह्याला." तो बेल्ह्याचा माणूस पानटपरीवाला होता. टपरीतून उतरायचा, पाय लावायचा, पुन्हा चढायचा. कॅन कसा उचलतोस हे त्यानं कधीच विचारलं नाही.

बाईंना वाईट कशाचं वाटत होतं, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. भावाच्या कमरेला पाय लावायची त्यांना हौस नव्हती. पण पायाच्या बदल्यात त्या गावाकडून जे मागून घेत, ते भावाकडे मागायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. रविवार होता, मी नारायणगावच्या खोलीत वाचत बसलो होतो. त्यांचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत.

"सर, गाडी घेऊन या. दादाला दवाखान्यात न्यायचंय."

मी तोवर एक जुनी गाडी घेतली होती. मी पोचलो तर बबन ओसरीवर पालथा पडला होता. कॅन चढवताना मोडल्यासारखं झालं होतं. फाटकाशी दूध सांडलं होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या. त्याच्या डाव्या पायाच्या बोटांना वहिनी चिमटा काढत होत्या आणि त्याला तो समजत नव्हता. बाई त्याच्या डोक्याशी बसल्या होत्या.

"दादा, ही उसण न्हाई. पाय बधिर झालाय. शीर दाबली गेलीय. आत्ताच्या आत्ता दाखवायला पायजे."

"आपरेशन करत्यात. मानूस उठत न्हाई पुन्ना."

"न केलं तर उठनार न्हाईस."

बबनचं कपाळ फरशीला टेकलं होतं. मग तो फरशीतच बोलल्यासारखा बोलला.

"सरू, तू पाय लाव."

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"तू आदी पाय लाव. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. यानं काही होत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "मी फुकट पाय लावत न्हाई कुणाला. म्हाईत हाये ना?"

"आता काय उचलून दावू? मला कड बदलता येईना."

"दाखवू नको. शपथ घे. यापुढं जड उचलायचं न्हाई. कॅन न्हाई, पोतं न्हाई, काई न्हाई. कुनीबी सांगितलं तरी."

"न्हाई उचलनार."

"असं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ म्हन."

"तुझ्या गळ्याची शप्पत," बबन म्हणाला. "तू सुटली म्हनंस्तवर न्हाई उचलनार."

आमच्याकडे शपथ अशीच असते. ज्याच्या गळ्याची घेतली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं, तेव्हा ती सुटते. लहान मुलं चिंचा वाटतानासुद्धा हे पाळतात.

बाईंनी बूट काढला. खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि भावाच्या कमरेवर पाय टेकवला. शिवाच्या, मुख्याध्यापकांच्या, इतक्या जणांच्या कमरेवर टेकवताना मी तो पाय पाहिला होता. तो कुणाच्या कमरेवर एवढा वेळ राहिलेला कधी पाहिला नव्हता. तो उचलल्यावर त्या लगेच खाली बसल्या, बबनच्या पायांकडे सरकल्या आणि त्यांनी त्याच्या दोन्ही पावलांवर डोकं ठेवलं. थोरल्याला पाय लागला की नमस्कार करायचा असतो. तो स्पर्श त्याच्या एका पावलाला कळत होता, दुसऱ्याला नाही.

आम्ही त्याला दारासकट, म्हणजे खरोखरच गोठ्याचं एक फळ्यांचं दार काढून त्यावर घालून, शेजाऱ्याच्या टेम्पोत ठेवलं. उचलताना बाई सगळ्यांना सांगत होत्या: एकदम उठा, कुणी पुढं ओढू नका. माझी गाडी रिकामीच मागून गेली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. पायाची ताकद हळूहळू आली, बोटांचं बधिरपण थोडं राहिलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वजन उचलायचं नाही. पण बबन डॉक्टरांचं नाव कधी घेत नसे. "शपत हाये सरूची," असं तो सांगायचा.

फाटकाशी ओटा झाला. भाच्यानं चाकाची गाडी आणली, कॅन लहान आले, धारा काढायला गडी आला. बबन गोठ्याच्या दाराशी खुर्चीवर बसून त्याला सूचना द्यायचा. त्याला ते फार जड जात होतं. गावातल्या पारावर त्याला कुणी मुद्दाम म्हणायचं, "बबनराव, येवढं पोतं सरकवा की," आणि हसायचं. मी गेलो की तो बहिणीदेखत माझ्याकडे तक्रार करायचा.

"सर, तुमी तरी सांगा हिला. सुटली म्हन म्हनावं. आता ठणठणीत हाये मी."

"बघू," बाई म्हणायच्या.

"आगं, पानी भरलेला तांब्या उचलताना बी भ्या वाटतंय मला. तुझ्या गळ्याचं हाये म्हनून."

"तांब्या चालंल."

"घागर?"

"बघू."

हे त्यांचं जवळजवळ रोजचं झालं होतं. मला वाटतं, बाईंच्या आयुष्यात एवढं दीर्घ संभाषण दुसऱ्या कुणाशी झालं नसेल. निवृत्तीनंतर फाटकाशी येणारी माणसं वस्तीवर येऊ लागली, मग कमी झाली. गोळ्या मिळतात, मलम मिळतं, पट्टे मिळतात. आता पायाळू कुणाला फारसं लागत नाही. कॉम्प्युटरवर बसून मान धरलेला एखादा तरुण मुलगा यायचा, त्यालाही त्या आधी बसून दाखवायला लावायच्या. शाळेत त्यांच्या जागी आलेले सर त्यांच्या खुर्चीवर बसत नसत. ती बुटकी होती, त्यांचे गुडघे टेबलाला लागत. म्हणून ती बरेच दिवस माझ्या शेजारी रिकामीच राहिली.

या थंडीच्या सुरुवातीला त्यांना रक्ताचा आजार निघाला. पुण्याच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो. त्या पलंगावर आणखी लहान दिसत होत्या. वॉर्डात कामाला असलेली मुलं एका पेशंटला वर सरकवत होती, त्याकडे त्या बघत होत्या. "पलंग आधी वर घ्या रे," त्या त्यांना क्षीण आवाजात म्हणाल्या. "चाकाशी खटका आहे. वाकताय कशाला?" त्या मुलांनी खरोखरच पलंग वर घेतला. एकानं मान हलवून हसून दाखवलं.

थोड्या वेळानं बबन आणि वहिनी आले. बबनच्या हातात पिशवी होती. बाईंची नजर थेट तिच्यावर गेली.

"ती वहिनीकडं दे."

"दोन लुगडी हायेत तिच्यात, सरू. दगड न्हाईत."

"दे."

त्यानं दिली. मग स्टूल ओढून तो बहिणीच्या उशाशी बसला. मी खिडकीशी उभा होतो.

"आता तरी सुटली म्हन की," बबन म्हणाला. ते नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणायचा त्यानं प्रयत्न केला होता, पण सूर निम्म्यात तुटला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "घरी आले की बघू," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी मला विचारलं, "सर, पेपर कशावर ठेवता हल्ली?" मी सांगितलं, शब्दकोशांवरच. त्यांनी मान हलवली. आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच.

त्या घरी आल्या, पण त्या आठवड्याच्या शेवटी, रुग्णवाहिकेतून. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. कांदे निवडणाऱ्या बायका भिंतीशी बसल्या होत्या. शिवा तिरडीचा बांबू बांधत होता, त्याचे केस पार पांढरे झाले होते. लग्न न झालेल्या बाईचं कुणी करायचं यावर थोडं बोलणं झालं आणि विस्तवाचं मडकं भाच्याच्या हातात दिलं गेलं. भाचा पुढे जाऊन उभा राहिला.

"बबन, म्होरं ये," भावकीतला एक वडीलधारा म्हणाला. "थोरला भाऊ हायेस. पयला खांदा तुजा."

बबन ओसरीच्या खांबाशी उभा होता. दोन्ही हात त्यानं पाठीमागे धरले होते.

"मला न्हाई उचलायचं, आण्णा."

"आरं, बहीण हाये तुझी."

"शपत हाये तिची."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागे कुणीतरी काहीतरी बोललं, ते मला नीट ऐकू आलं नाही, पण त्याला आलं असावं. त्यानं पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले. आण्णा त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात समजावू लागले.

"आता कसली शपत, बाबा. ज्याच्या गळ्याची व्हती त्ये मानूसच गेलं. आता काय व्हनार हाये तिला?"

"ती सुटली म्हनली न्हाई," बबन म्हणाला.

आण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांत जवळ मी होतो, म्हणून मला खूण केली. मी पुढचा डावा बांबू घेतला. वजन जवळजवळ नव्हतंच.

ओढ्याकडे जाणारी वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना ऊस. बबन माझ्या शेजारून चालत होता, उसाची पाती चेहऱ्यावर घेत, वाटेबाहेरच्या ढेकळांतून. त्याचा खांदा माझ्या खांद्याच्या अगदी जवळ होता. बांबूला त्यानं हातसुद्धा लावला नाही. ओढ्यापाशी खांदेकरी बदलले. मी बाजूला होताना माझ्या जागेपाशी तोच उभा होता. मागची माणसं त्याच्याकडे पाहत थांबली. त्यानं ती जागा क्षणभर पाहिली, मग एक पाऊल मागे सरला आणि शिवाला पुढे जाऊ दिलं.